सुट्टीवर आलेल्या फौजीजवळ शस्त्र असावं का?

सदरवाली

लेफ्टनंट उमर फैयाज मे २०१७ मध्ये नात्यातल्या लग्नासाठी सुट्टी घेऊन शोपियानला गेला होता. अतिरेक्यांनी त्याला तिथून उचलून नेलं आणि गोळ्या घातल्या. वय २२. पुढच्याच वर्षी, जून २०१८ मध्ये, रायफलमन औरंगजेब ईदसाठी घरी निघाला, तर पुलवामात वाटेतूनच त्याचं अपहरण करून मारलं. दोघेही शस्त्र चालवण्यात तरबेज, आणि दोघांच्याही हातात त्या वेळी काहीच नव्हतं.

माझा भाऊ फौजेत आहे. तो घरी आला की कोणी ना कोणी विचारतंच, "सोबत पिस्तूल वगैरे देतात का रे?" देत नाहीत म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "द्यायला पाहिजे." मलाही एकेकदा तसं वाटतं. बातम्या वाचून रात्री झोप लागत नाही तेव्हा तर फारच.

आपलं नागपूर तसं फौजींचं गाव. कामठीला गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचं सेंटर, वायुसेना नगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय, सीताबर्डीच्या किल्ल्यावर प्रादेशिक सेना, अंबाझरीला आयुध निर्माणी. कुठल्याही दिवशी स्टेशनवर उतरणाऱ्यांत काळी पेटी आणि हिरवी बॅग घेतलेला कोणीतरी असतोच. हे सगळे सुट्टीत शस्त्र घेऊन फिरले तर शहर जास्त सुरक्षित होईल का? आणि ते स्वतः?

माझं मत आधीच सांगते. सरकारी शस्त्र युनिटच्या बाहेर येऊ नये. स्वतःच्या परवान्याचं शस्त्र हवं असेल तर अर्ज करावा, तो लवकर निकाली निघावा, पण फौजी आहे म्हणून चौकशीत सूट नको. ज्यांनी हे जवळून पाहिलं आहे त्यांनी या धाग्यात खाली लिहावं.

इंदोरा_चौक

ताई, मी तुमच्या विरुद्ध मताचा आहे. ज्या माणसाच्या हाती आपण सरहद्द देतो त्याच्या हाती एक पिस्तूल द्यायला आपण घाबरतो, हे मला पटत नाही. इथे जमिनीचे व्यवहार करणाऱ्यांच्या कमरेला परवान्याचं रिव्हॉल्व्हर असते, पुढाऱ्यांच्या मागे गनमॅन असतात. आणि ज्याने वर्षानुवर्षे रायफल चालवली तो मात्र रिकाम्या हाताने घरी येतो.

शहर सुरक्षित आहे असं कोणी समजू नये. १ जून २००६ ला पहाटे संघाच्या मुख्यालयावर हल्ला करायला तीन अतिरेकी आले होते, अंगात पोलिसांसारखा गणवेश होता. पोलीस सावध होते म्हणून ते मारले गेले. प्रत्येक ठिकाणी पोलीस असतीलच असं नाही.

इस्रायल पाहा. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथला एक सुट्टीवरचा सैनिक बायको आणि तान्ह्या मुलीसोबत सुपरमार्केटमध्ये होता. चाकूहल्ला झाला, तो मदतीला धावला आणि मारला गेला. रायफल तळावर ठेवून आला होता. त्यानंतर त्यांच्या सैन्याने लढाऊ तुकड्यांतल्या सैनिकांना सुट्टीत शस्त्र सोबत ठेवायला सांगितलं. आपल्याला अजून किती उमर फैयाज पाहिजेत?

जुना_गार्ड्समन

सदरवाली ताई आणि इंदोरा भाऊ, दोघांनाही नमस्कार. मी हवालदार म्हणून रिटायर झालो. काही वर्षे कोत सांभाळला, म्हणून त्याबद्दल सांगतो. बाहेरच्या लोकांना वाटते का फौजीजवळ चोवीस तास रायफल असते. तसे नसते.

कोत म्हणजे कंपनीचे शस्त्रागार. जाळीचे दार, लोखंडी रॅक, रॅकमध्ये उभ्या रायफली आणि त्यांच्यातून ओवलेली साखळी. प्रत्येक रायफलीच्या बटवर नंबर रंगवलेला असतो. जवानाला आपल्या पोराचा वाढदिवस आठवणार नाही, पण बट नंबर झोपेतही सांगेल. रजिस्टरवर सही केल्याशिवाय शस्त्र निघत नाही, आणि परत आले की साफ करून, तपासून, पुन्हा सही. रोज मोजणी. एक कमी भरली तर सगळी कंपनी जागची हालत नाही. दारूगोळा वेगळा, त्याचा हिशेब वेगळा.

फायरिंग रेंजवरून निघताना प्रत्येक जण उस्तादासमोर मोठ्याने सांगतो का माझ्याजवळ जिंदा राउंड नाही, खोका (झाडलेल्या राउंडचे रिकामे टरफल) नाही. रिकामा खोकासुद्धा मोजून परत द्यावा लागतो. एक खोका सापडला नाही म्हणून दिवस मावळेपर्यंत गवत चाळत बसलेले जवान मी पाहिले आहेत. नव्या पोरांना राग येते. काही दिवसांनी त्यांनाच समजते का हा सगळा कडकपणा त्यांच्यासाठीच आहे.

आता भाऊ, हे शस्त्र सुट्टीवर जाणाऱ्याला दिले तर काय होईल ते पाहा. तो जनरल डब्यातून येईल. कधी रिझर्व्हेशन असते, कधी दाराजवळ पेटीवर बसून रात्र काढावी लागते. डोळा लागला आणि पेटी गेली तर? घरी आल्यावर शस्त्र ठेवील कुठे? कपाटात, साड्यांच्या खाली. घरात लहान पोरं. कोतावर पहाऱ्याचा जवान असते, घराच्या कपाटावर कोण?

एप्रिल २०२३ मध्ये भटिंड्याच्या मिलिटरी स्टेशनमध्ये चार जवान झोपेत मारले गेले. आधी एक इन्सास रायफल आणि राउंड गायब झाले होते, आणि पकडला गेला तो त्याच युनिटचा जवान. चारी बाजूंनी पहारा असलेल्या जागेत हे झाले. म्हणून म्हणतो, जवानावर विश्वास नाही असा याचा अर्थ काढू नका. शस्त्र कुठे आहे हे प्रत्येक क्षणाला कोणाला तरी माहीत पाहिजे, एवढेच फौज शिकवते.

आणखी एक. आम्हाला शिकवले ते हुकमावर फायर करणे. कोणावर, किती, कधी थांबायचे, हे कमांडर सांगते. डावी-उजवीकडे आपला माणूस असते. बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत एकट्याने, अर्ध्या सेकंदात, कोण चोर आणि कोण पळणारा गिऱ्हाईक हे ओळखून गोळी चालवणे ही वेगळी विद्या आहे. ती आम्हाला कोणी शिकवली नाही.

धंतोली

कायद्याची बाजू मांडतो. खंडपीठात वकिली करतो, शस्त्र परवान्याची काही प्रकरणं हाताळली आहेत.

आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ३ म्हणतं, परवाना हवा. कलम ४५ मध्ये सरकारी नोकराला सूट आहे, पण ती कर्तव्य बजावताना जवळ असलेल्या शस्त्रापुरती. सुट्टीवर घरी आलेला शिपाई असो की कर्नल, तो त्या वेळी कर्तव्यावर नसतो. त्याला तुमच्या-माझ्यासारखाच परवाना लागतो. शहर हद्दीत अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे.

इंदोराभाऊ 'पिस्तूल' म्हणतात तेव्हा बहुतेक सैन्याचं ९ मिमी पिस्तूल त्यांच्या डोळ्यासमोर असावं. ते निषिद्ध बोअरमध्ये मोडतं, म्हणजे नळीच्या अशा मापात, जे सामान्य परवान्यावर मिळत नाही. सामान्य परवान्यावर .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, .३१५ ची रायफल, बारा बोअर अशी शस्त्रं मिळतात. निषिद्ध बोअरचं शस्त्र विनापरवाना सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं शिक्षा आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं केली आणि लग्न-वरातीत बेदरकारपणे हवेत गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली.

गोळी सुटल्यानंतर काय होतं, यावर फार कमी लोक विचार करतात. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पण कलम ३७ ची मर्यादा कडक आहे: बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायला सरकारची परवानगी लागते, हे संरक्षण सुट्टीवरच्या माणसाला नाही. म्हणजे त्याने चांगल्या हेतूने गोळी झाडली तरी गुन्हा दाखल होणार, शस्त्र जप्त होणार, आणि सत्र न्यायालयात तो एक आरोपी म्हणून उभा राहणार. नोकरीवर काय परिणाम होईल ते हवालदारसाहेब सांगू शकतील.

इंदोरा_चौक

वकील साहेब, कायदा बदलता येते म्हणून तर चर्चा आहे. कलम ४५ मध्ये 'सैनिक सुट्टीवर असला तरी' एवढं जोडलं तर? हवालदार काकांच्या अनुभवापुढे मी बोलणार नाही, पण त्यांनी सांगितलं ते सगळं शांततेच्या गावासाठी खरं आहे. शोपियानच्या पोराला कोताचा काय उपयोग झाला?

मानेवाडा_रिंगरोड

मी फौजीची बायको आहे. हा विषय माझ्या घरातला आहे, म्हणून थोडं मोठं लिहिते.

सुट्टी म्हणजे आराम असं बाहेरून दिसतं. आमच्या घरी सुट्टी म्हणजे वर्षभर साचलेलं सगळं एकदम निस्तरायचं. सासरी शेती आहे, सावनेरकडे. बांधाचा वाद आहे. चुलत सासऱ्यांनी धुरा कोरत कोरत आत आणला, तलाठ्याकडे अर्ज पडून आहे, मोजणी लागत नाही. सगळे म्हणतात, "फौजी आला की पाहू." हे आले की दुसऱ्या दिवशी सकाळीच अंगणात माणसं बसलेली. आवाज चढतात. कोणीतरी पिऊन आलेला असतो. दिराच्या कर्जाचं, नणंदेच्या लग्नाचं, सासूच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं, सगळं त्याच दिवसांत. आणि हा माणूस महिनोन्महिने बर्फात राहून आलेला, धड झोप न झालेला.

त्या अंगणात कमरेला पिस्तूल असलेला माझा नवरा मला नको आहे. तो वाईट आहे म्हणून नाही. तो फार चांगला माणूस आहे आणि त्याला अशा जागी उभं करू नये असं मला वाटतं.

दुसरं लिहायला जड जातं. इंदोराभाऊंनी इस्रायलची अर्धी गोष्ट सांगितली. त्याच सैन्याने २००६ मध्ये नियम केला होता की आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना रायफल तळावरच ठेवायची. कारण होतं, घरी जाऊन स्वतःवर गोळी झाडून घेणारी तरुण पोरं. नियमानंतर त्यांच्या सैन्यातल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या, आणि ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. स्वित्झर्लंडमध्ये सैनिक रायफल घरी ठेवतात. तिथे २००३ मध्ये सैन्य जवळपास निम्मं केलं, त्यामुळे घरांतल्या बंदुका कमी झाल्या, आणि त्या वयाच्या पुरुषांतल्या आत्महत्याही घटल्या. तिथे पुढे २००७ पासून काडतुसं घरी देणं बंद झालं. रायफलसुद्धा शस्त्रागारातच ठेवावी ही सूचना मात्र २०११ च्या सार्वमतात लोकांनी फेटाळली.

आपण सगळे बाहेरून येणाऱ्या शत्रूबद्दल बोलतो आहोत. रात्री दोन वाजता गच्चीवर एकटा बसलेला, काही न बोलणारा माणूस मी पाहिला आहे. त्या वेळी घरात बंदूक नव्हती याबद्दल मी देवाचे आभार मानते. ज्यांच्या घरी असं कोणी गप्प झालं असेल त्यांनी लाजू नये. युनिटमध्ये किंवा मिलिटरी हॉस्पिटलमध्ये बोलावं, आणि तोपर्यंत माणसाला एकटं सोडू नये.

सदरवाली

मानेवाडा ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. भावाला वाचायला दिलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "धुऱ्याचं अगदी खरं आहे."

डॅलसहून

मूळचा रामदासपेठेचा, आता बरीच वर्षं टेक्सासमध्ये. इथे हा वाद जुना आहे, म्हणून लिहितो.

लोकांना वाटतं अमेरिकेत सैनिक तळावर बंदुका लावून फिरत असतील. प्रत्यक्षात लष्करी पोलीस आणि पहाऱ्यावरचे सोडले तर बाकीच्यांना तळावर खासगी शस्त्र जवळ बाळगायला वर्षानुवर्षं मनाई होती. नोव्हेंबर २००९ मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट हूड या लष्करी तळावर १३ जण मारले गेले, तेव्हापासून 'सैनिक निःशस्त्र होते म्हणून मेले' हा युक्तिवाद जोरात आला. जुलै २०१५ मध्ये टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात चार मरीन आणि एक नौसैनिक मारले गेल्यावर तो आणखी वाढला. २०१६ मध्ये संरक्षण खात्याने नियम बदलला: कमांडरने परवानगी दिली तर खासगी शस्त्र बाळगता येईल. निर्णय कमांडरवर सोडला, सरसकट मुभा दिली नाही.

इथल्या चर्चेत एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला पडते. २००९ चा हल्लेखोर स्वतः लष्करातला मेजर होता. २०१४ मध्ये त्याच तळावर पुन्हा गोळीबार झाला, तेव्हाही हल्लेखोर सैनिकच होता. दोघांनीही बाहेरच्या दुकानातून विकत घेतलेलं पिस्तूल वापरलं. गणवेश पाहून माणसाच्या मनाची खात्री देता येत नाही, एवढं तरी यातून कळावं.

हिंगणा_रोड

माझे वडील निमलष्करी दलात होते, मोठा भाऊ गडचिरोलीला पोलिसात आहे. सैन्य, सीआरपीएफ आणि राज्य पोलीस यांचे नियम वेगवेगळे आहेत. धाग्यात सगळं एकत्र होऊन राहिलं आहे.

बस्तर आणि गडचिरोलीत सुट्टीवर गावी आलेल्या, बाजारात गेलेल्या पोलीस जवानांना माओवाद्यांनी मारल्याच्या घटना झाल्या. त्यामुळे इंदोराभाऊ जे म्हणतात ते हवेतलं नाही. पण भाऊ मला सांगतो का त्या माणसाजवळ पिस्तूल असतं तर काय झालं असतं? पाच-सहा जण साध्या कपड्यात, गर्दीत, मागून येतात. हात कमरेपर्यंत जायच्या आत सगळं संपते, आणि त्यांना एक शस्त्र फुकट मिळते. शस्त्र लुटणं हाच अनेक हल्ल्यांचा हेतू असते. २०१९ च्या दुरुस्तीत पोलीस किंवा सैनिकाकडून शस्त्र हिसकावणाऱ्याला किमान दहा वर्षं ते जन्मठेप केली आहे, ती काही उगाच नाही.

त्याला वाचवणारी गोष्ट म्हणजे घरी जायची तारीख आणि रस्ता कोणाला न कळणं, पोलीस ठाण्याला कळवून जाणं, मुक्काम गावात न करणं. भाऊ आठवडी बाजारात जात नाही. चुलतभावाच्या लग्नाला तासभर आला आणि जेवायच्या आधी निघाला. आईला वाईट वाटलं, पण तीच म्हणाली, "जा बाबू." पुलवामात १४ फेब्रुवारी २०१९ ला ४० जवान गेले ते तर ताफ्यात होते, पुढे-मागे बंदोबस्त होता. त्यानंतर सरकारने केंद्रीय दलांच्या जवानांना श्रीनगरसाठी विमान प्रवास मंजूर केला. पिस्तुलापेक्षा त्या तिकिटाने जास्त जीव वाचतील असं माझं ठाम मत आहे.

बारा_बोअर

माझे बाबा फौजेतून आल्यावर बँकेत गार्ड होते. स्वतःच्या परवान्याची दुनाळी. आमच्या घरची रोजी त्या बंदुकीवर चालली, म्हणून परवाना देऊच नये असं मी म्हणणार नाही. मेस्को या राज्याच्या माजी सैनिक महामंडळामार्फत किंवा दुसऱ्या एजन्सीतून लागणाऱ्या कित्येक माजी सैनिकांची हीच कथा आहे. गनमॅनला साध्या गार्डपेक्षा पगार जास्त.

पण ती बंदूक सांभाळताना बाबांचा जीव मेटाकुटीला यायचा. ड्युटीवरून आले की आधी दोन्ही नळ्या मोडून उजेडाकडे धरून पाहायचे, मग नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा, काडतुसं तिसऱ्या ठिकाणी कुलपात. आम्हा भावंडांना त्या खोलीत मज्जाव. नूतनीकरणाच्या वेळी ठाण्यातून चौकशी, शेजाऱ्यांचे जबाब, तारखा. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायचा आदेश येई, मग बँकेचं पत्र घेऊन सूट मागायला जायचं. मी पाहिलं ते असं: परवाना लवकर मिळावा ही मागणी रास्त आहे, बाबांना एका सहीसाठी फार फिरवलं गेलं. चौकशी मात्र पूर्ण व्हावी.

कारण 'फौजी आहे ना, मग द्या' या सवलतीचं काय झालं ते जम्मू-काश्मीरच्या परवाना घोटाळ्यात दिसलं. सीबीआयच्या म्हणण्यानुसार २०१२ ते २०१६ या काळात तिथे २ लाख ७८ हजारांहून जास्त परवाने पात्र नसलेल्यांना दिले गेले. राजस्थानच्या एटीएसने हे उघड केलं तेव्हा सैन्य आणि निमलष्करी दलाच्या जवानांच्या नावाने खोटी कागदपत्रं जोडलेली निघाली. खऱ्या सैनिकाचं नाव वापरून दलालांनी पैसे कमावले. बाबांना ती बातमी वाचून फार संताप आला होता.

इंदोरा_चौक

सगळ्यांचं वाचलं. मानेवाडा ताईंचं दोनदा वाचलं. सरसकट सगळ्यांना द्या ही मागणी मी सोडतो. नागपूर, सावनेर, वर्धा इथे सुट्टीवर येणाऱ्याला सरकारी शस्त्राची गरज नाही, मान्य.

पण ज्याचं घरच अशांत भागात आहे त्याचं काय? काश्मीरचा, मणिपूरचा जवान. त्याला लपून या, जेवायच्या आधी निघा, एवढंच सांगायचं? त्याच्यासाठी तरी कमांडिंग ऑफिसरने लेखी मंजुरी देऊन शस्त्र द्यावं, जवळच्या युनिटमध्ये रोज हजेरी आणि तपासणी ठेवावी. अमेरिकेत कमांडरवर सोडता येते तर इथे का नाही?

जुना_गार्ड्समन

भाऊ, हे बोलणे विचार करण्यासारखे आहे. तरी माझी अडचण सांगतो. ज्या गावात शस्त्र घेऊन जायला सांगाल तिथे त्याच्याजवळ शस्त्र आहे हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना माहीत होईल, आणि हिंगणा रोडवाले म्हणतात तसे त्या शस्त्रासाठीच लोक येतील. एकट्याला शस्त्र देण्यापेक्षा त्याला जवळच्या कॅम्पमध्ये मुक्कामाला जागा द्या, घरच्यांना भेटायला तिथे आणा, लग्नाला जायचे तर सोबत चार जण द्या. खर्च जास्त आहे. सरकारने करावा. फौजीने एकट्याने पुरे पडावे ही अपेक्षाच बरोबर नाही.

रोज हजेरी आणि तपासणी होणार असेल तर माझा विरोध थोडा कमी होते, जात नाही.

धंतोली

इंदोराभाऊंच्या सूचनेसाठी कलम ४५ बदलायची गरजही कदाचित पडणार नाही. केंद्र सरकारच्या आदेशाखाली बाळगलेल्या शस्त्रालाही त्या कलमात सूट आहे. लेखी आदेश काढून, ठरावीक जिल्ह्यांपुरतं आणि ठरावीक मुदतीपुरतं हे करता येईल असं माझं वाचन आहे. गोळी चालल्यावर ते 'कर्तव्य' धरायचं की नाही, हा प्रश्न मात्र त्या आदेशातच स्पष्ट लिहावा लागेल. नाहीतर तो पोरगा दोन्हीकडून अडकेल.

सदरवाली

वकील साहेब, हा मुद्दा महत्त्वाचा आहे, यावर सविस्तर लिहाल का? आदेशात काय काय असावं, जबाबदारी कोणाची, शस्त्र हरवलं तर काय. आम्ही काही माजी सैनिकांच्या घरचे मिळून खासदारांना निवेदन देणार आहोत. त्यात दोन मागण्या ठरल्या आहेत: अशांत भागात घर असलेल्या जवानांना सुट्टीत कॅम्पमध्ये राहण्याची आणि ये-जा करताना सोबतीची सोय, आणि निवृत्त सैनिकांच्या परवान्याच्या अर्जावर ठरलेल्या मुदतीत निर्णय. शस्त्र सोबत देण्याची मागणी मी त्यात घालणार नाही. इंदोराभाऊंनी ती वेगळ्या पत्रात मांडावी, पत्र लिहायला मी मदत करीन.

हवालदार काका, येत्या रविवारी कामठीला आहात का? मसुदा घेऊन येते. भाऊपण येईल.